पेटी उतरली की कान?

भातावाला | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, गेली सहा-सात वर्षं इथे नुसता वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मिरजेचा, वय ६३. वडिलांचं पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. मी पोटासाठी बँकेत गेलो, पण कान दुकानातच घडला. सूर (पेटीतली पितळी पाती) टोकाला घासला की चढतो आणि बुडाशी घासला की उतरतो, हे मला बाराखडीच्या आधी कळलं. त्यामुळे असेल, पण कुठलाही आवाज झाला की त्याची पट्टी मला आपोआप कळते. कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न, ताटावर पडलेला चमचा. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "ह्याच्या कानातच पेटी आहे." यात माझी हुशारी काही नाही. तुम्हाला लाल रंग लाल दिसतो, तसं आहे ते.

दोन महिन्यांपूर्वी उजव्या गालात कळा सुरू झाल्या. कळा कसल्या, विजेचे झटकेच. दाढी करता येईना, घास चावता येईना, पंख्याचा वारा लागला तरी डोळ्यांत पाणी. निदान झालं ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या नसेचं दुखणं) आणि गोळी मिळाली कार्बामाझेपिन. आठवड्याभरात गाल शांत झाला. देव पावला म्हणालो.

त्याच आठवड्यात आमच्या भजनी मंडळाची पेटी उघडली. काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) दाबली आणि ऐकू आली पांढरी एक, तिच्या लगेच खालची! म्हटलं, पेटी उतरली. कानस घेतली आणि मधल्या सप्तकातले तीन सूर टोकाला घासून थोडे चढवले सुद्धा. चौथा बघतो तर तोही तेवढाच उतरलेला. पाचवाही. तेव्हा हात थांबला. धूळ बसून, गंजून एखाददुसरा सूर बिघडतो. साडेतीन सप्तकं एका रात्रीत, सगळी नेमकी एकाच पट्टीनं उतरली, असं वडिलांच्या दुकानात चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. घरची पेटी काढली, तीही तशीच. मग नातीनं मोबाइलवर सूर मोजायचं ॲप लावून दिलं. काळी एक दाबली, आकडा २७७ हर्ट्झ, काटा बरोबर मधोमध. कान मात्र सांगतोय, पांढरी.

आता सगळंच उतरलंय. देवळातली घंटा, दाराची बेल, कुकर. उलट मी पेटीशिवाय अभंग धरला तर बायको म्हणते, "एवढा वर का धरलात?" पट्टी बघितली तर पांढरी दोन, म्हणजे काळी एकच्या लगेच वरची. मनात काळी एकच होती.

कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हेडफोन लावून तपासणी केली, "वयाच्या मानानं कान उत्तम, वयानं होतं असं" म्हणाले आणि वाटेला लावलं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ अजून बारा दिवसांनी आहे. हे कानाचं आहे का डोक्याचं? गोळी बंद करून बघू का?

खवचट_खानावळ | सोमवार, रात्री ९.५८

काका, अख्खं जग मंद्र सप्तकाकडे निघालंय, तुम्हाला फक्त आधी कळलं.

(गमतीनं घ्या. धागा भारी आहे, पाट मांडून बसलोय.)

आजीचा_बटवा | सोमवार, रात्री १०.१०

तिळाचं तेल कोमट करून लसणाची पाकळी तळून दोन थेंब कानात. आमच्या आजोबांना गुण आला होता.

कानसेन | सोमवार, रात्री १०.३१

बटवाताई, कृपा करून तेल नको. पडद्याला भोक असेल तर ते आत जाऊन भलतंच होऊन बसतं. तीस वर्षं कान तपासले आहेत, लसणाच्या पाकळ्याही काढल्या आहेत.

भातावाला, तुमच्या डॉक्टरांची बाजू थोडी सांगतो. त्या तपासणीत फक्त किती हळू आवाज ऐकू येतो ते बघतात, बहुधा २५० ते ८००० हर्ट्झच्या दरम्यान. आवाज कोणत्या सुरात ऐकू येतो हे त्या यंत्राला विचारताच येत नाही. तुमचा आलेख चांगला येणारच. पण 'वयानं होतं' हे काही पटलं नाही. उतारवयात पट्टी सरकते हे खरं आहे, पण ज्यांच्या कानात तुमच्यासारखी पेटी असते त्यांना वयानं सूर सहसा *चढे* ऐकू येऊ लागतात, आणि तेही वर्षानुवर्षांत हळूहळू. रशियन पियानोवादक रिख्टर याचीही तीच तक्रार होती. तुमचं उलट आणि एका आठवड्यात झालंय. माझा संशय गोळीवर.

न्यूरॉन_नंदिनी | मंगळवार, पहाटे २.१५

(जर्मनीतून लिहितेय, वेळेवर जाऊ नका.)

काका, आधी महत्त्वाचं. गोळी मनानं बंद करू नका. कळा परत उसळतात, आणि हे औषध फिट्ससाठीही देतात. तिथे अचानक बंद करणं तर फारच धोक्याचं. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही दिसलं तर मात्र बारा दिवस थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि भेटीच्या वेळी रक्तातलं सोडियम तपासायचं का ते विचारा, या गोळीनं ते कमी होऊ शकतं.

आता तुमचा सूर. कानसेन बरोबर बोलले. कार्बामाझेपिन घेणाऱ्या काही लोकांना सगळे आवाज साधारण एका पट्टीनं, म्हणजे अर्ध्या स्वरानं खाली ऐकू येतात. १९९० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत याच्या नोंदी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जपानमधल्या. गोळी थांबवली किंवा बदलली की ऐकणं पूर्ववत होतं. तेव्हा कान गेला, डोकं गेलं असं काही मनात आणू नका.

जपानच का, यावर माझा तर्क असा. तिथे ढीगभर मुलं चार-पाच वर्षांची असतानाच पियानोवर बसतात आणि त्यांचा 'दो' (म्हणजे त्यांचा सा) कायम एकाच पट्टीत खिळलेला. आपला सा चालता. गायकाच्या गळ्याला सोसेल तिथे सा, बाकीचे सूर त्याच्या मागून. अशा माणसाला ही गोळी दिली आणि अख्खं सप्तक एका पट्टीनं खाली सरकलं, तरी सुरांमधली अंतरं तीच राहतात. त्याला कळणार कसं? त्याची तक्रारच नसणार. काका, तुम्ही मिरजेत बसून जपानी कान घेऊन जगताय.

मुलुंडचा_मी | मंगळवार, सकाळी ८.०५

धागा रंजक आहे, पण थोडी वीट घालतो. (१) एका माणसाच्या सांगण्यावर किती इमले बांधायचे? औषधाच्या कागदावर दुष्परिणाम वाचून ते व्हायला लागतात, हेही शास्त्रच आहे. (२) समजा खरं असेल, तरी या गोळीचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध काय? माझ्या माहितीप्रमाणे ती सोडियमचे दरवाजे बंद करते. ते दरवाजे पायाच्या अंगठ्यातल्या नसेतही आहेत. मग सूरच का उतरला? लय का मंदावली नाही?

काका, तुमच्यावर शंका नाही. पण डोळे मिटून चाचणी करा. नातीला ॲपवर कुठलेही २४ सूर वाजवायला सांगा, पट्ट्या बघू नका, काय ऐकू आलं ते लिहा, मग ताडून बघा.

भातावाला | मंगळवार, रात्री ८.२०

औषधाचा कागद मी वाचलाच नव्हता, खोक्यात तसाच घडी घातलेला आहे. पण तुमचं बरोबर आहे, पडताळा घेतलेला बरा.

आत्ता चाचणी केली. मी गॅलरीत भिंतीकडे तोंड करून, नात आतल्या खोलीत. २४ पैकी २२ सूर नेमके एका पट्टीनं खाली. दोन चुकले, ते फार खर्जातले होते आणि खालून रिक्षा जात होती. नातीला वाटलं आजोबा मुद्दाम करतायत. "आजोबा, सगळे चुकले तर चुकले, पण सगळे सारखेच कसे चुकले?" असं म्हणाली. नववीत आहे.

लय ठीक आहे. काल झपताल अर्धा तास धरला, कुठे हललो नाही.

मुलुंडचा_मी | मंगळवार, रात्री ८.४१

२४ पैकी २२. बरं, पहिला मुद्दा मागे घेतो. दुसरा उभा आहे.

न्यूरॉन_नंदिनी | बुधवार, पहाटे १.५०

नातीला माझ्याकडून चॉकलेट. तिनं जे विचारलं तोच सगळा प्रश्न आहे.

मुलुंडकर, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

आतल्या कानात कॉक्लिया नावाची शंखासारखी गुंडाळलेली नळी आहे. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीपेक्षाही आखूड. तिच्या तोंडाशी उंच सूर हलवतात, आत टोकाशी खर्ज. पेटीच्या पट्ट्या ओळीनं मांडाव्यात तशी ती सुरांनी लावलेली आहे. हे कसं चालतं ते दाखवल्याबद्दल बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. तिथे साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या केसपेशी असतात. त्या हलल्या की ग्लुटामेट नावाचं रसायन शेजारच्या नसेवर सोडतात. इथेच आवाज संपला आणि रसायन सुरू झालं. पुढे मेंदूच्या देठातले थांबे, मग थॅलॅमस आणि शेवटी कानाच्या वर, मेंदूच्या घडीत लपलेला ऑडिटरी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा ऐकणारा भाग. गंमत म्हणजे तीच पट्ट्यांची रांग तिथेही उमटलेली असते.

या रस्त्यावर ग्लुटामेट म्हणतं 'वाज' आणि गाबा नावाचं दुसरं रसायन म्हणतं 'पुरे'. ऑडिटरी कॉर्टेक्समधल्या पेशीला सूर पोचला की आधी ग्लुटामेटची थाप पडते आणि काही मिलिसेकंदांत गाबा ती दाबून टाकतं. काका, तुम्हाला हे मी तबल्यातच सांगू शकते. चाटेवर (तबल्याच्या कडेवर) बोट मारून तिथेच दाबलं की बोल स्वच्छ तुटतो, बोट नाही ठेवलं की आस रेंगाळते. गाबा म्हणजे ते दाबणारं बोट. ते नसेल तर प्रत्येक सुराची आस पुढच्या सुरात मिसळेल आणि आपल्याला बोलणंसुद्धा नीट कळणार नाही.

आता कार्बामाझेपिन. पेशी पेटते ती सोडियम आत घुसल्यामुळे. एकदा उघडून मिटलेला दरवाजा लगेच पुन्हा उघडू नये, एवढंच हे औषध करतं. म्हणून सावकाश चालणाऱ्या नसांवर त्याचा फारसा परिणाम नाही, भडाभडा पेटणाऱ्यांवर मात्र जोरात. गालातली वीज थांबते ती त्यामुळे. अंगठ्याच्या नसेला सेकंदाला शेकडो ठोके मोजायचं काम नसतं. कानाच्या नसेला असतं. सूर ओळखायला मेंदूकडे दोन खुणा आहेत. एक, कॉक्लियात जागा कोणती हलली. दुसरी, नसेचे ठोके ध्वनीच्या लाटेशी कसे बांधून पडतायत. ही दुसरी खूण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत चालते, म्हणजे पेटीची अख्खी पट्टी त्यात आली. गोळीचा हात यातल्या कुठल्या खुणेवर पडतो, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो कॉक्लियातच काहीतरी बदलतं, दुसरा म्हणतो वर, मेंदूत. मी स्वतः दुसऱ्या तटाकडे झुकते, पण माझं पोट मेंदूवर चालतं हे लक्षात घेऊनच वाचा.

तुमच्या 'लय का नाही?' या प्रश्नाचं उत्तर मात्र सोपं आहे. झपतालाच्या मात्रा सेकंदाला एक-दोन, काळी एकची कंपनं सेकंदाला २७७. दोन्हीला काळच म्हणायचं, पण मोजणारे वेगळे.

आणि काकांच्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग त्यांनी एका ओळीत उरकलाय. अभंग धरला तो पांढरी दोनमध्ये. म्हणजे आठवणीतली काळी एक जागची हललेली नाही. बाहेरून येणारं खाली सरकलं, म्हणून आठवणीशी जुळवायला गळा वर गेला. गोळीनं येणारा सूर हलवला, साठवलेला नाही. दोन वेगळी कपाटं आहेत, हे तुमच्या बायकोनं ओळखलं.

कानसेन | बुधवार, सकाळी ७.३०

दंडवत. वैद्यकीय कॉलेजात हे इतकं रुक्ष शिकवलं होतं की परीक्षेनंतर विसरलो.

तानपुरा_नाशिक | बुधवार, सकाळी ११.०२

अवांतर आहे, पण विचारतोच. माझ्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप आहे. काळी एकचा खर्ज म्हणजे ६९ हर्ट्झ. फोनच्या टिकलीएवढ्या स्पीकरमधून इतकं खालचं काही बाहेर पडत नाही, हे मी यंत्रावर बघितलंय. तरी मला खर्ज ऐकू येतो! हा कोण वाजवतो?

न्यूरॉन_नंदिनी | बुधवार, संध्याकाळी ५.२५

तुम्हीच वाजवता. :)

फोनमधून ६९ येत नाही, पण त्याच्या पटी येतात, ३४५, ४१४, ४८३... प्रत्येकात ६९ चं अंतर. हे सगळे एकाच बापाचे दिसतायत असं मेंदू ठरवतो आणि बाप नसतानाही त्याचा आवाज ऐकवतो. २००५ साली बेंडर आणि वांग यांनी मार्मोसेट माकडांच्या ऑडिटरी कॉर्टेक्समध्ये अशा पेशी दाखवल्या, ज्या मूळ सूर गाळला तरी त्याच सुराला 'हो' म्हणतात. म्हणून म्हणते, सूर हवेत नसतो. हवेत नुसती कंपनं असतात.

जवारी लावलेल्या तानपुऱ्यात तर वरच्या सुरांचा नुसता थवा असतो, त्यामुळे मेंदूला पुरावाच पुरावा.

ढोल_आणि_मी | बुधवार, रात्री ११.४५

पुण्यात पथकात सहा वर्षं ढोल वाजवतो. गेल्या विसर्जनानंतर कानात रातकिडे बसलेत ते उठतच नाहीत. दिवसा कळत नाही, रात्री पंखा बंद केला की सुरू. तपासणी केली, नॉर्मल. मित्र म्हणतात मनाचे खेळ. काकांसारखं माझंही डोक्यातलं आहे का?

कानसेन | गुरुवार, सकाळी ७.५०

मनाचे खेळ नाहीत. पण डोक्यातलं, बऱ्याच अंशी हो.

२००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही दिवसांत उंदरांची तपासणी तुझ्यासारखीच 'नॉर्मल' आली. पण आत बघितलं तर कॉक्लियाच्या काही भागात केसपेशी आणि नस यांच्यातले निम्म्यापर्यंत सांधे गेलेले, ते परत आले नाहीत. माणसांतही असंच, एवढ्याच प्रमाणात होतं का, यावर अजून काम चालू आहे. पण दोन ताशांमध्ये उभं राहून मिरवणूक काढणाऱ्यानं तो निकाल लागेपर्यंत थांबू नये. कापूस नाही, मेडिकलमध्ये मिळणारे इअरप्लग घाल. फोमचा असेल तर वळून बारीक करून आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचा. नुसता दारात अडकवलेला उपयोगाचा नाही.

एकाच कानात असेल, नाडीच्या ठेक्यावर वाजत असेल, किंवा चक्कर येत असेल, तर मात्र परत दाखव.

न्यूरॉन_नंदिनी | गुरुवार, दुपारी १.१०

कानसेनांच्या उत्तराला रसायनाचं शेपूट जोडते. मोठ्या आवाजात केसपेशी इतकं ग्लुटामेट ओततात की समोरच्या नसेचं टोक सुजून तुटतं. जे रसायन निरोप देतं तेच जास्त झालं की निरोप्याला मारतं. मग वर, ऑडिटरी कॉर्टेक्सला त्या सुरांची टपाल कमी येते. तो काय करतो? मंडपातला साउंडवाला माइकमधून आवाज येईना की करतो तेच, बटण वर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं की अशा वेळी गाबाचं दाबणारं बोट सैल पडतं. मग काही न वाजताही शिट्टी घुमते.

ॲस्पिरिनच्या मोठ्या डोसानं असाच नाद तात्पुरता येतो, हे डॉक्टरांना शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे.

लेकुरवाळी | गुरुवार, दुपारी ३.३०

माझं उलटं आहे. सात महिन्यांचं बाळ आहे. शेजारच्या मंडपात डीजे लागला तरी मी झोपून असते, पण पाळण्यात नुसतं कुं झालं की उठून बसते. नवरा शेजारी घोरतोय. त्याला म्हणते तुझं लक्ष नाही, तो म्हणतो खरंच ऐकू आलं नाही. कोण खरं?

न्यूरॉन_नंदिनी | गुरुवार, रात्री ९.००

माझ्या आवडत्या प्रयोगाचं दार उघडलंत. पिल्लू घरट्याबाहेर पडलं की उंदराची आई त्याची हाक ऐकून त्याला उचलून आणते. जिला पिल्लं झालेली नाहीत ती मादी सहसा ढिम्म. न्यूयॉर्कमध्ये फ्रोएम्के यांच्या गटानं २०१५ मध्ये अशा माद्यांना ऑक्सिटोसिन (आईपणाशी जोडलेलं संप्रेरक) दिलं, अगदी थेट डाव्या ऑडिटरी कॉर्टेक्समध्येही. त्या पिल्लं उचलायला लागल्या. आत काय बदललं? गाबाचं ते बोट पिल्लाच्या हाकेपुरतं आधी उचललं गेलं, आणि मग नव्यानं हाकेच्या मापात बसलं. हाक स्वच्छ झाली.

उंदरावरून माणसावर उडी मारू नये, पण नवऱ्याला थोडा संशयाचा फायदा द्यायला हरकत नाही. आणि मग पाळणा त्याच्या बाजूला सरकवा. मला कोणी विचारलं तर लक्ष देऊन ऐकत राहिल्यानंही कान तयार होतो. १९९८ मध्ये किलगार्ड आणि मर्झेनिक यांनी उंदरांना काही आठवडे एकच सूर ऐकवला आणि प्रत्येक वेळी मेंदूच्या तळाशी असलेलं ॲसिटिलकोलिनचं कोठार चाळवलं. कॉर्टेक्समध्ये त्या सुराची जागा केवढीतरी पसरली. नुसता सूर ऐकवला तर तसं होत नाही. ते रसायन म्हणजे 'इकडे लक्ष दे'चा शिक्का. टीव्हीसमोर बसून पलटे घोकणाऱ्या माझ्या भावाला हा प्रयोग मी दोनदा पाठवलाय.

लेकुरवाळी | गुरुवार, रात्री ९.१२

पाळणा सरकवला. :)

खवचट_खानावळ | शुक्रवार, सकाळी ९.२०

नंदिनीताई, सूर उतरवायची गोळी आहे तर कान चढवायची पण असेल. माझा मेव्हणा दर गणपतीत आरतीला कुठल्या पट्टीत सुरू करतो ते त्याच्या देवालाच ठाऊक. वर्गणी काढून देऊ.

न्यूरॉन_नंदिनी | शुक्रवार, दुपारी २.४०

हसाल, पण तसा प्रयत्न झालाय. काकांसारखा कान लहानपणीच घडतो, साधारण सहा-सातच्या आत, नंतर ती खिडकी मिटते. फिट्सवरचंच दुसरं औषध, व्हॅल्प्रोएट, ती खिडकी किलकिली करतं का, ते २०१३ मध्ये २४ तरुणांवर बघितलं. गोळी घेताना त्यांनी सुरांची नावं ओळखण्यात थोडी बरी कामगिरी केली. थोडीच. इतक्या लहान प्रयोगावर उड्या मारू नयेत, आणि ते औषध यकृताला आणि गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतं. मेव्हण्याच्या हातात टाळ द्या.

मुलुंडचा_मी | शुक्रवार, दुपारी ३.०५

एक राहिलं. काका, सूर खाली गेला तर गाण्यातली मजाही गेली का? की ती तिसऱ्याच कपाटात असते?

भातावाला | शुक्रवार, रात्री १०.१५

चांगला प्रश्न. काल मंडळात एक गवळण झाली. पट्टी मला चुकीची वाटत होती, पहिली पाच मिनिटं तर परक्याच्या घरात बसल्यासारखं. बोटं काळी एकवर आणि कान म्हणतोय पांढरी. मग डोळे मिटले, पट्ट्या बघायचं सोडलं. तबलजींनी तिहाई टाकली, सम अशी आली की अंगावर काटा. तो काटा उतरलेला नाही, पूर्वीच्याच पट्टीत आहे.

न्यूरॉन_नंदिनी | शनिवार, पहाटे १२.४०

काका, काट्याचंही मोजमाप झालंय. २०११ मध्ये मॉन्ट्रिअलला ज्यांना संगीतानं काटा येतो अशांच्या मेंदूत डोपामिन बघितलं. काटा येतो त्या क्षणी ते एका जागी सुटतं, आणि तो येणार अशी वाट बघताना वेगळ्याच जागी. म्हणजे तिहाईची दुसरी आवृत्ती चालू असतानाच सम अर्धी पोचलेली असते.

खवचट_खानावळ | शनिवार, सकाळी १०.००

काका, गंभीरपणे सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच. घरची पेटी स्केलचेंजर आहे का? मग किल्ली फिरवून एक घर वर सरकवा. काळी एक दाबाल, वाजेल पांढरी दोन, तुम्हाला ऐकू येईल काळी एक. कान खूश, बोटं खूश.

भातावाला | शनिवार, संध्याकाळी ६.३०

अहो खवचट, तुम्हाला साष्टांग! आत्ता करून बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोट आणि कान एका जागी आले. मंडळात हे चालणार नाही, तिथे जग असेल त्या पट्टीत वाजवीन. पण पहाटेचा तासभर माझा.

भातावाला | सुमारे पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ७.४५

धागा वर काढतोय, माफी असावी.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नातीची वही बघितली, २४ सुरांची. हसल्या नाहीत. सोडियम तपासलं, थोडं कमी निघालं. "गाणारी-वाजवणारी माणसं ही तक्रार फार क्वचित आणतात, पण ऐकलेली आहे," म्हणाल्या. एकदम न थांबवता तीन आठवड्यांत ती गोळी हळूहळू उतरवली आणि दुसरी चढवली.

मधले दिवस सगळ्यात वाईट. डोस निम्मा झाला तेव्हा काळी एक ना काळी, ना पांढरी, दोन पट्ट्यांच्या फटीत अडकल्यासारखी. त्यापेक्षा आख्खी उतरलेली बरी होती. चार दिवस पेटीला हात लावला नाही.

गेल्या सोमवारी सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली आणि मी गादीतच उठून बसलो. बेल जागेवर होती. गालात अधूनमधून बारीक मुंगी येते, वीज नाही. स्केलचेंजर एक घर खाली आणला.

आता एकच काम राहिलंय. मंडळाच्या पेटीचे मी चढवून ठेवलेले ते तीन सूर. तीनेक महिने सगळे त्याच पेटीवर गातायत आणि कुणी अवाक्षर काढलं नाही, भिडेखातर की काय देव जाणे. आज दुपारी झाकण उघडून बुडाशी घासायला बसतोय.

खवचट_खानावळ | रविवार, सकाळी ७.५२

काका, कानस हातात घेण्याआधी नातीला ॲप लावायला सांगा.